माशाच्या टेस्टिसच्या (वृषणाच्या) पेशी थ्रीडीमध्ये वाढवायच्यात, स्कॅफोल्ड (पेशींना आधार देणारा सांगाडा) कोणतं घेऊ?

वालवणकाठ:
नमस्कार मंडळी, पीएचडीचं दुसरं वर्ष चालूये, रोहूच्या टेस्टिसमधल्या स्पर्मॅटोगोनियल स्टेम सेल्सवर, म्हणजे ज्यांच्यापासून पुढे शुक्राणू बनतात त्या मूळ पेशींवर, काम करतेय. पुढे जमलं तर हेच महसीर या नदीतल्या मोठ्या माशावर न्यायचंय, लहानपण लोणावळ्यात गेलं आणि वालवणच्या हॅचरीत महसीरची पिल्लं बघूनच या विषयाकडे वळले, त्यामुळे हे काम मनापासून व्हावं असं वाटतं.

अडचण अशी की कोलॅजनेज एन्झाइमने टिश्यू सुटी करते, परकॉलवर (घनतेप्रमाणे पेशी वेगळं करणारं द्रावण) पेशी वेगळ्या करते, मग जिलेटिन लावलेल्या प्लेटवर एल-१५ मीडियम (पेशींचं द्रव खाद्य), सीरम, २८ डिग्री. पहिले पाच-सहा दिवस एकदम मस्त, गोल मोठ्या पेशींचे द्राक्षांसारखे घोस दिसतात, आणि मग कडेने लांबट चपट्या पेशी पसरायला लागतात आणि दोन आठवड्यांनी बघावं तर प्लेटवर फक्त त्याच, घोस गायब. तीनदा झालंय असं. गाईड म्हणतात थ्रीडी करून बघ. शेजारच्या डिपार्टमेंटला इलेक्ट्रोस्पिनिंगचं (विजेच्या दाबाने बारीक धागे काढायचं) मशीन आहे, ते पीसीएल या प्लास्टिकची जाळी फुकट करून देतायत. नाहीतर मॅट्रिजेल हे विकतचं जेल, पण ते घेतलं तर सीरमला पैसे उरत नाहीत. कोलॅजन, अल्जिनेट (समुद्री शेवाळातून मिळणारं जेल) यातलं कुणी माशावर वापरलंय का?

खाडीवरचा:
ताई, पीसीएल फुकट मिळतंय म्हणून घेऊ नका. आम्ही सहा महिने घालवले त्यात. ते पाणी धरत नाही, आधी अल्कोहोलमध्ये भिजवा, मग सोडियम हायड्रॉक्साइडने पृष्ठभाग खरवडा, तेव्हा कुठे मीडियम आत जातं. आणि ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणं) चालत नाही, साधारण ६० डिग्रीला वितळतं, माझ्या हातून एक अख्खी बॅच तशी गेली, झाकण उघडलं तर तळाशी मेणासारखा थर. पण खरा प्रश्न वेगळाय. त्या धाग्यांवर चिकटून पसरायला सगळ्यात जास्त कुणाला आवडतं, तर तुमच्या त्या चपट्या पेशींनाच. म्हणजे ज्यांना हाकलायचंय त्यांनाच आयतं घर.

आणि एक सांगा, शेवटी या पेशींचं करायचं काय आहे? ट्रान्सप्लांट असेल तर पेशी जाळीतून जिवंत बाहेर काढता आल्या पाहिजेत. पीसीएलमधून काढताना निम्म्या मरतात, हा आमचा अनुभव.

वालवणकाठ:
हो दादा, ट्रान्सप्लांटच. टोकियोच्या मरीन सायन्स युनिव्हर्सिटीत योशिझाकींच्या गटाने २००७ मध्ये केलं तसं, ट्राउटच्या स्पर्मॅटोगोनिया (शुक्राणूंच्या मूळ पेशी) वांझ ट्रिप्लॉइड (गुणसूत्रांचे तीन संच असलेल्या) सामनच्या पिल्लांच्या पोटात सोडल्या आणि त्या सामनच्या जोड्यांना ट्राउटची पिल्लं झाली. महसीरचे पाळलेले ब्रूडर (प्रजननासाठीचे मोठे मासे) कमी, ते वयात यायला वर्षं लागतात, म्हणून हा रस्ता.

प्रयोगवही:
मग स्कॅफोल्ड निवडायच्या आधी एक गोष्ट बघ. माशाची टेस्टिस उंदरासारखी नसते. इथे एका स्पर्मॅटोगोनियमभोवती सर्टोली पेशी (त्याला सांभाळणाऱ्या आधारपेशी) कडं करतात आणि त्याची सगळी पिलावळ त्या एकाच पिशवीत, म्हणजे सिस्टमध्ये, एकदम वाढते. तू कोलॅजनेजने ती पिशवीच फोडतेस आणि नंतर बाजारातून नवी पिशवी शोधतेस. माझं स्पष्ट मत, पहिलं स्कॅफोल्ड म्हणजे टेस्टिसची स्वतःची रचना, ती शक्य तितकी राखायची.

जपानी ईलवर १९९१ मध्ये होक्काइडोच्या लोकांनी ११-कीटोटेस्टोस्टेरॉन हे माशांचं नर-हार्मोन घालून टेस्टिसच्या तुकड्यांत पार शुक्राणूंपर्यंत सगळे टप्पे काचेत करून दाखवले. त्यांच्याकडे कसलं महागडं जेल नव्हतं, झाडाच्या फांदीतल्या मऊ गाभ्याचा तुकडा, त्यावर नायट्रोसेल्युलोजची झिल्ली आणि तिच्यावर टिश्यू. पुढे झेब्राफिशवाल्यांनी गाभ्याऐवजी ॲगारोज (शेवाळातून मिळणारं घट्ट जेल) घेतला. तूही तेच कर. दीड टक्का ॲगारोज, चोवीस खणांच्या प्लेटमध्ये मावतील असे ठोकळे काप, मीडियममध्ये रात्रभर भिजव नाहीतर ॲगारोजमधलं पाणी मीडियम पातळ करतं, वर झिल्ली, वर मिलिमीटरभराचा तुकडा. मीडियम ठोकळ्याच्या काठापर्यंतच भरायचं, तुकडा बुडता कामा नये, त्याला खालून खाणं आणि वरून हवा लागते. बुडला की मधला भाग काळा पडतो, सेक्शन कापल्यावर कळतं.

हा कंट्रोल म्हणून तरी लावच, याच्यापुढे बाकी स्कॅफोल्ड किती टिकतंय ते बघता येईल.

खाडीवरचा:
पटलं. आणि दुसऱ्या हाताला अल्जिनेट ठेवा ताई. त्याच्यावर पेशींना चिकटायला जागाच नाही, बाकी लोकांना तो दोष वाटतो, तुम्हाला तोच गुण आहे, चपट्या पेशी पसरूच शकत नाहीत. फक्त सुट्या पेशी घालू नका, कोलॅजनेज अर्ध्यावर थांबवा आणि सिस्टचे छोटे गठ्ठे तसेच बंद करा. सोडियम सायट्रेट घातलं की जेल काही मिनिटांत विरघळतं आणि गठ्ठे हातात, टोचायच्या आधी तेवढे सुटे करायचे.

वालवणकाठ:
अल्जिनेटचं एकदा करून बघितलं होतं, मणी सुंदर झाले, पण पीबीएसने (फॉस्फेटवालं सलाइन) धुतले आणि दुसऱ्या दिवशी साबुदाण्याच्या खिरीसारखं झालं सगळं, म्हणून सोडून दिलं.

खाडीवरचा:
अहो पीबीएसनेच घात केला! फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेतं आणि अल्जिनेट कॅल्शियमवरच तर उभं असतं. हेपीस (फॉस्फेट नसलेलं बफर) आणि थोडं कॅल्शियम क्लोराइड घातलेल्या सलाइनने धुवा. एल-१५ मध्येही फॉस्फेट असतं, तेव्हा मीडियम बदलताना दोन-तीन मिलिमोलर जादा कॅल्शियम द्या, फार नको, गढूळ होतं. आणि अल्जिनेट ऑटोक्लेव्ह करू नका, साखळ्या तुटून पातळ होतं, एक टक्क्याचं करून फिल्टर करा, हात दुखतो पण होतं.

तिलापिया_स्किन:
उशिरा आले धाग्यावर. कोलॅजन जेल करायचंच झालं तर माशाच्या कातडीचं बघा. मॅमलवाले ते टाळतात कारण ३७ डिग्रीला टिकत नाही, पण आपण २८ ला काम करतो, तिलापियाचं त्या तापमानाला छान राहतं. कॉडसारख्या थंड पाण्यातल्या माशाचं मात्र घेऊ नका, ते २८ च्या कितीतरी आधी विरघळून जातं. मॅट्रिजेल मला नाही पटत, उंदराच्या ट्यूमरमधून काढलेलं, त्यात कुठले ग्रोथ फॅक्टर किती हे बॅचप्रमाणे बदलतं, मग परिणाम कशाचा ते सांगता येत नाही.

वालवणकाठ:
खूप खूप आभार सगळ्यांचे. ठरलं, ॲगारोजवर तुकडे आणि अल्जिनेटमध्ये गठ्ठे, दोन्ही एकाच माशाच्या टेस्टिसमधून, आणि दोन्हीत वासा अँटिबॉडीने (जननपेशींमधलं वासा प्रोटीन ओळखणारी) मोजणी. पीसीएलला आजच नाही कळवते.

प्रयोगवही:
मासा कोवळा घे, वयात न आलेला. त्याच्या टेस्टिसमध्ये बहुतेक टाइप ए, म्हणजे सुरुवातीच्या टप्प्यातल्या, स्पर्मॅटोगोनियाच असतात. पावसाळ्यातला मिल्टने (माशाच्या वीर्याने) भरलेला नर घेतलास तर मोजायला शुक्राणूच सापडतील. आणि पोट उघडायच्या आधी बाहेरून हलक्या ब्लीचने पूस, तळ्यातल्या माशाची बुरशी ॲगारोजवर चार दिवसांत कापसासारखी उगवते.