हॉप्सची बिअर : कडू, कडवट की तुरट?

प्रश्न : पुण्यात मुंढव्याकडच्या एका ब्रुअरीच्या पेयपत्रिकेचा मराठी मजकूर सिद्ध करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्यात इंडिया पेल एल या प्रकारच्या एका बिअरचे वर्णन ‘हॉपी’ या एकाच शब्दात केलेले आहे. त्यासाठी ‘कडवट’, ‘तुरट’ आणि ‘उग्र’ असे तीन पर्याय सुचवले गेले, पण एकमत होत नाही. यांपैकी कोणता घ्यावा, की ‘हॉपी’ हाच शब्द देवनागरीत ठेवावा?

उत्तर : ‘हॉपी’ हे केवळ चवीचे विशेषण नाही, त्यात चवीपेक्षा वासाचा वाटा बहुधा मोठा असतो आणि आपल्या तिन्ही पर्यायांची अडचण तिथूनच सुरू होते. हॉप्स म्हणजे एका वेलीची मादी फुले. लहानशा हिरव्या शंकूसारखे ते फूल बोटांनी उकलले, तर पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी, चिकट भुकटी दिसते. तिला लुप्युलिन म्हणतात. कडूपणा देणारी अल्फा आम्ले आणि सुगंधी तेले ही दोन्ही या भुकटीतच असतात. धान्याच्या गोड अर्कात हॉप्स तासभर उकळले, तर अल्फा आम्लांचे रूप बदलून कडूपणा उतरतो, पण तेले बरीचशी वाफेबरोबर निघून जातात. तेच हॉप्स उकळी संपता संपता किंवा आंबवण झाल्यावर थंड बिअरमध्ये घातले, तर कडूपणात फारशी भर पडत नाही आणि वास मात्र टिकतो. त्यामुळे सध्या लोकप्रिय असलेली गढूळ इंडिया पेल एल भरपूर ‘हॉपी’ असूनही बेताचीच कडू असू शकते. तिला ‘कडवट’ म्हटले, तर पिणाऱ्याची फसगत होईल.

‘तुरट’ हा शब्द तर टाळलाच पाहिजे. हिरडा चघळल्यावर जीभ आणि गालांची आतली बाजू आखडल्यासारखी होते, तो तुरटपणा. बिअरमध्ये तो धान्याच्या टरफलांतील टॅनिन अधिक उतरल्याने येतो, शिवाय थंड बिअरमध्ये हॉप्स अतोनात घातल्यानेही येतो, आणि बहुतेक वेळा तो दोष मानला जातो. पत्रिकेत ‘तुरट’ छापणे म्हणजे आपल्याच मालाची आपणच तक्रार करण्यासारखे होईल. ‘उग्र’ या शब्दाने मराठी वाचकाला दारूचा दर्प किंवा मद्याचे अधिक प्रमाण सुचते. हॉप्सशी त्याचा संबंध नाही.

राहिला ‘कडवट’. ‘कडवट अनुभव’, ‘नात्यात कडवटपणा आला’ अशा वापरामुळे या शब्दाला नाराजीची छटा चिकटली आहे. त्याच्या जवळच्या ‘कडवा’ या रूपाला मात्र ती छटा नाही. बिरड्यासाठी मुद्दाम कडवे वालच आणणाऱ्या घरांत तो कडूपणा हाच गुण समजला जातो. कडूपणाची मात्रा सांगायची असेल, तर मला ‘कडसर’ हा शब्द अधिक नेमका वाटतो, कारण ‘आंबटसर’, ‘गोडसर’ यांच्या पंक्तीत तो निर्मळपणे बसतो आणि निंदा करत नाही. खरोखर कडू बिअर असेल, तर सरळ ‘कडू’ लिहावे. मोजमापाच्या भाषेत हा कडूपणा आयबीयू या आंतरराष्ट्रीय एककात देतात. ढोबळमानाने लिटरमागे एक मिलिग्रॅम आयसो-अल्फा आम्ल, म्हणजे उकळून रूप बदललेले अल्फा आम्ल, असले की एक आयबीयू. मात्र माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, गोडवा अधिक असल्यास ४० आयबीयूची बिअरही जिभेला सौम्य लागते, म्हणून आकडा द्यायचा तर शब्दाच्या जोडीने द्यावा.

‘हॉपी’ देवनागरीत ठेवण्यास माझा विरोध आहे. छपाईची चूक समजून वाचक तो ‘हॅपी’ असा वाचेल. ‘चवदार’, ‘मसालेदार’ यांच्या चालीवर ‘हॉपदार’ असा शब्द घडवता येईल, पण हॉप्स ठाऊक नसलेल्याला तो काहीच सांगत नाही. त्यापेक्षा ‘हॉप्स’ हे नाम घ्यावे आणि वासाला नाव द्यावे. १९७२ साली अमेरिकेत लागवडीसाठी आलेल्या कॅस्केड जातीच्या वासाचे वर्णन तिकडे ग्रेपफ्रूटने करतात. ते फळ पपनसाच्याच संकरातून आले असल्याने ‘पपनसाची साल’ हे वर्णन आपल्याकडे चपखल बसते. काही हॉप्सना आंब्याचा वास येतो, तेव्हा तसे लिहिण्यात संकोच नसावा, कारण मिर्सीन हे गंधद्रव्य हॉप्समध्ये आणि आंब्यात दोन्हीकडे आढळते.

प्रतिप्रश्न : षड्रसांतील ‘कटु’ हा शब्द वापरल्यास मजकुराला भारदस्तपणा येणार नाही का?

उत्तर : भारदस्तपणा येईल, पण अर्थ उलटेल. आयुर्वेदातील ‘कटु’ म्हणजे मिरी-सुंठीचा तिखटपणा. कडुनिंबाच्या चवीला तिथे ‘तिक्त’ म्हणतात. मराठीत ‘कटु’पासून आलेल्या ‘कडू’ने तिक्ताची जागा घेतली आहे. ‘तिक्त’ म्हणावे, तर पुष्कळ मराठी वाचक तो ‘तिखट’ समजतील. पुण्यातल्या ब्रुअरीने संस्कृताकडे धाव घेण्याची गरजही नाही. इथे २००९ साली सुरू झालेल्या ‘डूलाली’ या ब्रुअरीचे नावच मुळी नाशिकजवळच्या देवळालीचे इंग्रज शिपायांच्या तोंडी झालेले रूप आहे.

मजकूर असा करून पाहावा : ‘हॉप्सचा ठसठशीत वास, त्यात पपनसाच्या सालीची झाक. चव कडसर, घोट उतरल्यावरही जिभेच्या मुळाशी रेंगाळणारी.’ खाली सोबतच्या चखण्याची शिफारस देणार असाल, तर तिखट शेंगदाणे वगळावेत. बिअरमधील मद्य आणि वायू यांमुळे मिरचीची आग अधिक झोंबते आणि मग पपनस काय किंवा आंबा काय, काहीच कळत नाही.