मदत हवी आहे: कोरसला (ध्रुवपदाला) गिटार चढल्या की गायकाचे शब्द बुडतात

अल्टरनेटिव्ह रॉक वळणाचं प्रेमगीत, ९२ बीपीएम (मिनिटाला ठोके), ई मायनर. अंतरा एकाच क्लीन गिटारवर, जवळजवळ कुजबुजत गायलेला. कोरसला डिस्टॉर्शन गिटारचे चार ट्रॅक येतात, दोन पूर्ण डावीकडे, दोन पूर्ण उजवीकडे, आणि नेमकी हाक मारायची ओळ चिखलात जाते.

आतापर्यंत केलेलं: गिटारना १०० हर्ट्झवर हाय-पास (त्याखालचे खर्ज सूर कापणारा फिल्टर), २.५ किलोहर्ट्झच्या आसपास ३ डेसिबल कट. गायकाच्या आवाजावर दोन कॉम्प्रेसर (मोठा-लहान आवाज सारखा करणारे), आधी ४:१ चा झटपट, मग २:१ चा संथ. शब्द कळू लागले, पण गिटारची धार गेली. कारण बहुधा मुळातच आहे. चारही टेकना गेन (डिस्टॉर्शनची मात्रा) भरपूर, त्यामुळे थर चढले की तारेवरचा आघात विरतो आणि नुसती घरघर उरते. गेन कमी करून, दुसऱ्या जोडीला वेगळा पिकअप वापरून पुन्हा वाजवावं, की गायकाच्या आवाजाच्या साइडचेनवर डायनॅमिक ईक्यू (गायक गातो तेवढ्यापुरताच गिटारचा तो पट्टा कमी करणारा) लावून भागेल?

दुसरी शंका मास्टरची, म्हणजे अंतिम ध्वनिफितीची. मास्टर उणे ९ एलयूएफएसवर (सरासरी मोठेपणाचं माप) नेला की लिमिटर (ठरावीक पातळीवर शिखरं रोखणारा) कोरसची उसळीच दाबतो, आणि स्ट्रीमिंगवर नॉर्मलायझेशन (सगळी गाणी सारख्या मोठेपणावर आणणं) मास्टर पुन्हा उणे १४ च्या आसपास खाली आणतं. मग उणे ११, ट्रू पीक (सर्वोच्च शिखर) उणे १ ठेवून अंतऱ्याची शांतता जपणं बरं ना? या गाण्याचा जीव त्या फरकातच आहे.

स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं रिलीजच्या किमान ७ दिवस आधी पाठवायचं असतं, तेव्हा मिक्स त्याआधी पक्का व्हायला हवा.