पेठेत सिमेंटची गाडी उभी करायची तरी कुठे? नियम नेमका काय आहे?

सिमेंटवाली विचारते:

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावी, जुन्या पेठेत आमचं सिमेंट-पत्र्याचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, आता मी आणि माझे दीर बघतो. रस्ता जेमतेम वीस फुटी. दुकानाच्या तिरकं समोर मुलींच्या शाळेचं फाटक.

दिवाळीनंतर चौकापासून शाळेच्या पुढेपर्यंत 'नो पार्किंग'च्या पाट्या लागल्या. पाट्यांना माझा विरोध नाही. शाळा सुटताना मुली गाड्यांच्या मधून वाट काढतात ते मी रोज गल्ल्यावरून बघते, जीव वरखाली होतो. पण आमचा माल उतरवायचा कुठे, हे कुणी सांगत नाही. एका सहाचाकी गाडीत दहा टन, म्हणजे दोनशे पोती. चार हमाल लावले तरी तासभर जातोच. गेल्या खेपेला फाळका उघडून पाचपन्नास पोती उतरली असतील, तेवढ्यात मोबाइलवर फोटो काढला गेला आणि ई-चलान झालं. ड्रायव्हर म्हणाला, "वहिनी, पुढची खेप बायपासला उतरवून घ्या, मी पेठेत येत नाही."

बायपासला उतरवायचं म्हणजे छोट्या हत्तीचं भाडं वेगळं आणि हमाली दुप्पट. पोती दोनदा हाताळली की फाटतात ते निराळंच. म्हणून विचारते: माल उतरवणं हे 'पार्किंग' धरतात का? ठरवतं कोण? आणि अर्ज कुणाकडे करायचा?

दहाचाकी:

ताई, लातूरहून वाशीला डाळ नेण्यात माझी निम्मी हयात गेली. आता स्वतः चालवत नाही, दोन गाड्या आहेत, दोन्हीवर ड्रायव्हर ठेवलेत. तुमच्या प्रश्नाची माझी बाजू सांगतो, कायद्याची इथली जाणकार मंडळी सांगतीलच.

आधी पाटी नीट बघा. निळ्या गोलाला लाल कडा आणि आत एकच तिरपी लाल रेघ असेल तर ती 'वाहन लावू नये'ची. दोन रेघा एकमेकींना छेदून फुली झाली असेल तर ती 'थांबूच नये'ची. फुलीच्या पाटीखाली माल उतरवायलासुद्धा थांबता येत नाही. एका रेघेच्या पाटीखाली तुम्हाला बोलायला जागा आहे. ड्रायव्हिंग रेग्युलेशन 2017 साली नवी आली, त्यात पार्किंगची व्याख्या दिली आहे. उतारू लगेच घेणं-सोडणं किंवा माल लगेच चढवणं-उतरवणं त्यातून वगळलं आहे, आणि तीन मिनिटांच्या वर नुसतं थांबून राहणं त्यात धरलं आहे. पण खरं सांगतो, दोनशे पोती उतरवायला लागणाऱ्या तासाला 'लगेच' कुणी म्हणणार नाही. या व्याख्येच्या भरवशावर ड्रायव्हरला भांडायला लावू नका.

आता ड्रायव्हर पेठेत का येत नाही ते ऐका. चलान गाडीच्या नंबरावर पडतं, म्हणजे मालकाच्या नावावर. बरेच मालक ते ड्रायव्हरच्या भत्त्यातून कापतात. पहिल्यांदा पाचशे, पुन्हा सापडला तर दीड हजार. फेरीमागे त्याच्या हातात उरतं किती? माल तुमचा, पाटी शहराची आणि भुर्दंड त्या पोराला. हे मला पटत नाही. म्हणून माझ्या गाड्यांचं मी सरळ ठरवून टाकलंय, उतराईच्या जागेवरचं चलान माल घेणाऱ्याने भरायचं. बिल्टीवर, म्हणजे मालासोबतच्या वाहतूक पावतीवर, तसं लिहूनच देतो. तेव्हापासून दुकानदार आपणहून जागा मोकळी करून ठेवायला लागले.

दुसरं, वेळ. मोठ्या शहरांत अवजड गाड्यांना दिवसा नो-एंट्री असते, म्हणून आम्ही रात्रीच आत येतो. पहाटे तीन-चारला गाडी दुकानासमोर लागते आणि दुकान उघडतं दहाला. मधले सहा तास गाडी कुठे लावायची? बायपासला लावली की डिझेल चोरतात, ताडपत्री फाडून पोती ओढतात. अंघोळीची, संडासची सोय नाही. ड्रायव्हर शेवटी वस्तीत, दिव्याखाली गाडी लावून केबिनमध्ये झोपतो आणि सकाळी लोक त्याच्यावर ओरडतात. तुमच्या हातात काय आहे? शटर लवकर उघडणं. सकाळी सहाला हमाल बोलवा. हमालांना पहाटेचं जास्तीचं द्यावं लागेल, तरी छोट्या हत्तीच्या भाड्यापेक्षा स्वस्त पडेल. शाळा भरायच्या आत गाडी रिकामी होऊन गावाबाहेर गेलेली असेल.

शाळेसमोरच_राहते:

मी ताईंच्या गावची नाही, पण माझंही घर शाळेसमोर आहे आणि मुलगी सहावीत. व्यापाऱ्यांचं नुकसान कळतं, पण उभ्या ट्रकच्या पुढून मूल रस्त्यावर आलं की येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला ते दिसतच नाही. आमच्याकडे असंच एक मूल थोडक्यात वाचलं. रात्रीचा त्रास वेगळा. गाडी निघते, पण चाकाखाली लावलेला दगड तिथेच राहतो. अंधारात स्कूटर त्यावरून उडते. दगड उचलून बाजूला टाकायला किती वेळ लागतो? माझ्या मते शाळेपाशी ट्रकला परवानगी कुठल्याच वेळी नको.

वाहतूक_शाखा_निवृत्त:

नोकरीतला बराच काळ वाहतूक शाखेत गेला, म्हणून लिहितो.

शाळेचं फाटक, दवाखान्याचं फाटक, बसथांबा, पादचाऱ्यांचे पट्टे, फूटपाथ, कुणाच्या घराचं किंवा आवाराचं तोंड, आणि चौकाच्या अलीकडे-पलीकडे पन्नास मीटर. इथे पाटी नसली तरी गाडी लावायची नाही, 2017 च्या रेग्युलेशनमध्ये तसंच आहे. चौकापाशी अधिकृत पार्किंग जाहीर केलेलं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा वरच्या बाईंचं म्हणणं फाटकापुरतं बरोबरच आहे, त्यासाठी वेगळ्या आदेशाची गरज नाही. शिवाय मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 122 आहेच: इतरांना धोका, अडथळा किंवा गैरसोय होईल अशी गाडी सार्वजनिक जागी उभी ठेवायची नाही. बहुतेक चलानं याच कलमावर, 177 खालच्या दंडाची होतात. गाडी दहा तास बेवारस उभी असेल किंवा मनाईच्या जागी लावली असेल, तर 127 खाली गणवेशातला पोलीस अधिकारी ती उचलायला किंवा जॅमर लावायला सांगू शकतो, आणि उचलण्याचा खर्च मालकाचा. रस्ता अडवल्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या 285 कलमाखालीही होतो, त्यात दंड पाच हजारांपर्यंत आहे. जुन्या दंडविधानात तो दोनशे होता.

ठरवतं कोण? नुसती नगरपालिका नाही. कलम 115 खाली निर्बंध घालायचा अधिकार शासनाला आणि शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याला आहे. आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्तांच्या वतीने वाहतुकीचे उपायुक्त आदेश काढतात, इतरत्र जिल्हाधिकारी किंवा पोलीस अधीक्षक. आदेशाच्या डोक्यावर बहुधा 115, 116 आणि 117 ही कलमं दिसतील. निर्बंध महिन्याच्या आतला असेल तर राजपत्रात छापायची गरज नसते, स्थानिक प्रसिद्धी पुरते. कायमचा असेल तर अधिसूचना लागते आणि जागेवर पाटीही लागते. ताई, तुमच्या पेठेची अधिसूचना निघाली आहे का, हे आधी बघा. मिळत नसेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून प्रत मागा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तिच्यात वेळ लिहिली आहे का, अवजड वाहनं वेगळी धरली आहेत का, हे शब्दन् शब्द वाचा. पाटीवर काहीच नसतं आणि आदेशात 'सकाळी 9 ते रात्री 9' असतं, असे प्रकार मी पाहिले आहेत.

आणि ज्याकडे कुणी बघत नाही ते कलम 117. गाड्या कुठे थांबाव्यात याच्या जागा त्या भागातल्या स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून ठरवून देता येतात. मनाईच्या पाट्यांसाठी अर्ज करणारे शंभर भेटले, 117 खाली जागा मागणारा क्वचितच. तुम्ही जागाच मागा.

दहाचाकी:

साहेबांनी मुद्द्याचं लिहिलं. आणि शाळेसमोरच्या ताई, दगडाबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. माझ्या दोन्ही गाड्यांत लाकडी ठोकळे आहेत, दोरीने फाळक्याच्या साखळीला बांधलेले. गाडी हलली की ठोकळा मागे ओढला जातो, रस्त्यावर राहत नाही. दोरी-ठोकळ्याला खर्च असा काहीच नाही. प्रत्येक मालकाने करावं. रात्री उभ्या गाडीचे पार्किंग दिवे चालू पाहिजेत, मागची लाल रिफ्लेक्टर पट्टी चिखलाने माखलेली असेल तर पुसायला पाहिजे. उसाच्या हंगामात बंद पडलेल्या ट्रॉल्यांवर आदळून किती घरं बसली, आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे.

पण "कुठल्याच वेळी नको" याला माझा विरोध आहे. पहाटे सहाला शाळेत कोण असतं? ट्रक पेठेत नको म्हणणं सोपं आहे, पण पेठेतलं दुकान चालायचं असेल तर माल चाकावरच येणार. पुण्यात भवानी पेठ, नाना पेठेतला घाऊक व्यापार गुलटेकडीला मार्केट यार्डात गेला, मुंबईतले घाऊक बाजार वाशीला गेले, कारण जुन्या गल्ल्यांत गाड्या मावेनात. तिथे सरकारने आधी मोठी जागा उभी केली. तालुक्याच्या गावाला कुणी यार्ड बांधून देत नाही. तिथे निदान तीस-पस्तीस फुटांचा एक पट्टा आखून द्या आणि वर लिहा, 'माल उतराई, सकाळी 5 ते 8'. गाडी अडीच मीटरच्या थोडी वर रुंद असते. वीस फुटी रस्त्यात ती एका कडेला लागली तर दुसऱ्या बाजूने रिक्षा आरामात जाते, फक्त समोर दुसरी चारचाकी लावलेली नसावी. खरी अडचण तिथेच असते. उतराईच्या जागेवर दुकानदारांच्याच मोटारी दिवसभर उभ्या असतात.

सिमेंटवाली:

सगळ्यांचे मनापासून आभार. जाऊन पाटी पाहिली, एकच रेघ आहे. शाळेच्या फाटकापासून चौथं दुकान आमचं, म्हणजे फाटक सोडून गाडी लावायला जागा मिळते. चौकापासूनचं अंतर दीर टेप धरून मोजणार आहेत. पन्नास मीटरच्या आत भरलं तर पट्टा देवळाच्या बाजूला मागू, तिथे रस्ता थोडा रुंद आहे.

पेठेत भुसार, पेंड आणि हार्डवेअर मिळून अकरा दुकानं आहेत. काल सगळ्यांना विचारून आले. नऊ जण पहाटे शटर उघडायला तयार आहेत, दोघांचं अजून नक्की नाही. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनाही भेटले. त्या म्हणाल्या, शाळा पावणेआठला भरते, मुली साडेसातपासून यायला लागतात. त्यामुळे अर्जात आम्ही वेळ 5 ते 7 लिहितोय, 8 नाही. त्यांनी पाठिंब्याचं पत्र द्यायचं कबूल केलंय. आमच्या दारातली आमचीच मोटार मंगळवारपासून घरी ठेवणार, हे दिरांनी मान्य केलं.

एक विचारायचं राहिलं. निवृत्त साहेब, अर्ज अधीक्षक कार्यालयात आणि पालिकेत असा दोन्हीकडे द्यायचा का, की एकाच ठिकाणी देऊन दुसरीकडे प्रत पाठवायची?

वाहतूक_शाखा_निवृत्त:

मूळ अर्ज अधीक्षकांच्या नावे, प्रत जिल्हाधिकारी, पालिकेचे मुख्याधिकारी आणि तुमच्या हद्दीच्या पोलीस ठाण्याला. चारही ठिकाणी पोच घ्या, शिक्का आणि तारीख बघून. हाताने काढलेला नकाशा जोडा. त्यात फाटक, चौक, देऊळ, पट्ट्याची जागा आणि मोजलेली अंतरं असू द्या. तयार असलेल्या दुकानदारांच्या सह्या आणि शाळेचं पत्र सोबत. वेळ 5 ते 7 केलीत ते फार चांगलं केलंत, तो मुद्दा अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात घ्या.