शेजाऱ्याला पहिल्याच दिवशी 'नाही' म्हणायला हवं होतं का?

भिडस्त_डोंबिवलीकर

डोंबिवली पूर्व. २२ फ्लॅट, स्टिल्टखाली, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या मोकळ्या जागेत, १३ गाड्यांची जागा, त्यातली एक आमची. बाबांनी २००८ साली फ्लॅट घेताना तिचे दीड लाख बिल्डरला वेगळे मोजले होते, पावती आहे. बाबांची स्कूटर होती तोवर तिथे ती उभी असायची. ती विकल्यापासून जागा रिकामीच.

गेल्या वर्षी पाडव्याला वरच्या मजल्यावरच्यांनी गाडी घेतली. पेढे घेऊन आले आणि पेढ्यांबरोबरच विषय काढला, "तुमची जागा मोकळीच आहे ना, आमची काही सोय होईपर्यंत लावू का?" तोंडात पेढा असताना माणूस काय बोलणार? म्हटलं, "लावा की, त्यात काय विचारायचं."

दीड वर्ष झालं. आधी नुसती गाडी होती. मग कव्हर आलं. मग बादली, फडकी, आणि आता भिंतीला खिळा ठोकून पाण्याचा पाइप अडकवलाय. मे महिन्यात ते गावी गेले असताना माझ्या मेहुण्याने तिथे गाडी लावली, तर वॉचमन वर येऊन मला सांगतो, "साहेबांच्या जागेत कोणीतरी गाडी लावलीय." साहेब म्हणजे ते!

आता दसऱ्याला आमची गाडी येतेय. महिनाभर आधी त्यांना सांगितलं. उत्तर काय, तर "बरं... पण मग आम्ही कुठे लावायची?" म्हणजे ते शोधणंही माझ्याकडेच. तेव्हापासून लिफ्टमध्ये भेटले की मोबाइलमध्ये डोकं घालतात. दरवर्षी गणपतीत आमच्याकडे आरतीला असतात, यंदा फिरकले नाहीत.

माझं मत आता पक्कं झालंय. शेजाऱ्याने जागा, किल्ली, पैसे, वायफायचा पासवर्ड, काहीही मागितलं की पहिल्याच दिवशी नाही म्हणून मोकळं व्हावं. फार तर चार दिवस तोंड फुगेल. तेच दीड वर्षाने म्हटलं की आपण त्यांचं काहीतरी हिसकावून घेतलं असा चेहरा होतो समोरच्याचा. कोणाला पटत नसेल तर सांगा, वाद घालायला तयार आहे.

हिशेबी_माणूस

+१. भीड भिकेची बहीण. आणि दुसरी म्हण तर तुमच्यासाठीच केलीय, भटाला दिली ओसरी.

तुमची चूक 'हो' म्हणण्यात नव्हती, 'सोय होईपर्यंत' हे ऐकून घेण्यात होती. सोय कधी होणार? फुकट जागा मिळतेय तोवर कोण सोय शोधतो? मी मागच्या वर्षी समोरच्यांना इन्व्हर्टर दिला तेव्हा त्याच रात्री मेसेज टाकला, '३० तारखेपर्यंत वापरा, ३१ ला मला लागणार आहे.' बायको म्हणाली किती कोरडं. पण ३१ ला सकाळी साडेसातला इन्व्हर्टर दारात होता, वर चार आंबे.

खिडकीतली_तुळस

म्हण वापरायचीच तर जरा बरी वापरा हो. असो.

मला अजिबात पटत नाही. आम्हीही डोंबिवलीचेच, २६ जुलै २००५ ला पहिल्या मजल्यावर होतो. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस सगळ्यांना मुंबईचा म्हणून आठवतो, पण इकडे खाडीकडच्या भागात काय झालं ते आम्ही पाहिलंय. तळमजल्यावरची तीन बिऱ्हाडं दोन रात्री आमच्या हॉलमध्ये होती. त्यातल्या एका आजीशी आईचं नळाच्या पाण्यावरून चार वर्षं बोलणं नव्हतं. त्या आजींनी आमच्या स्टोव्हवर सोळा माणसांची खिचडी केली आणि आईला म्हणाल्या, "तुझ्या घरात हिंग कुठे ठेवतेस तेवढं सांग."

तेव्हा दारात उभं राहून 'किती तारखेपर्यंत राहणार' असं विचारायचं होतं का?

हिशेबी_माणूस

ताई, खिचडीला कोण नाही म्हणतंय? अडचण वेगळी, सोय वेगळी. ज्याला पुरातून वर यायचंय तो अडलेला असतो. ज्याने आठ लाखांची गाडी जागा नसताना घेतली तो अडलेला नसतो, त्याने तुमची जागा गृहीत धरूनच गाडी घेतलेली असते. एका पुराच्या भांडवलावर आपण वीस वर्षं पार्किंग देत बसायचं का?

खिडकीतली_तुळस

पण अडलेला कोण आणि सोय बघणारा कोण, हे दारात उभं असताना तुम्हाला कसं कळतं? मला नाही कळत.

उपविधी_वाचणारा

अकरा वर्षं सेक्रेटरी होतो. एक कटू गोष्ट सांगतो, भिडस्त भाऊ, रागावू नका.

ती जागा तुमची नाहीच.

२०१० साली सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या प्रकरणात सांगितलंय की स्टिल्टखालची आणि उघडी पार्किंगची जागा बिल्डर स्वतंत्रपणे विकूच शकत नाही. ती इमारतीच्या सामायिक भागात येते, म्हणजे सोसायटीची. हा निकाल मोफा म्हणजे १९६३ च्या महाराष्ट्र फ्लॅट मालकी कायद्याखालचा. रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियमन ठेवणारा कायदा, नंतर, २०१६ साली आला, तुमची इमारत त्याआधीची. तेव्हा बाबांच्या त्या दीड लाखाच्या पावतीवर सोसायटीत 'माझी जागा' म्हणून उभं राहता येणार नाही.

आता पुढचं. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायटीच्या कारभाराच्या नमुना नियमांत, लिहिलंय की पार्किंग त्याच सभासदाला मिळू शकतं ज्याच्याकडे गाडी आहे. जागा कमी आणि गाड्या जास्त असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकायच्या. आणि ज्याला जागा मिळाली त्याला ती विकता येत नाही, परस्पर दुसऱ्याच्या नावावरही करता येत नाही.

म्हणजे बघा, गेल्या पाडव्याला तुमच्याकडे गाडी नव्हती, त्यांच्याकडे होती. त्यांनी पेढ्यांऐवजी कमिटीकडे अर्ज दिला असता, तर तुम्हाला विचारायची वेळच आली नसती. त्यांनी तुम्हाला विचारलं हा त्यांचा मोठेपणा म्हणा, नाहीतर अज्ञान.

भिडस्त_डोंबिवलीकर

हे भलतंच. मग बाबांचे दीड लाख गेले कुठे? आमच्या सोसायटीत सगळे जण आपापल्या जागेवर लावतात, गेली सतरा वर्षं कोणी चिठ्ठी टाकलेली नाही. कायदा काय फक्त मलाच लावायचा?

उपविधी_वाचणारा

दीड लाख बिल्डरच्या खिशात गेले, माझेही गेलेत. पावती फ्रेम करून लावा, मी लावलीय.

निम्म्या सोसायट्या अशाच चालतात हे मलाही माहीत आहे. मी स्वतः सेक्रेटरी असताना चिठ्ठ्यांचा विषय एकदा सर्वसाधारण सभेत काढला होता. ज्यांच्याकडे दोन-दोन गाड्या होत्या त्यांनी मला पुढची तीन वर्षं हळदीकुंकवाला बोलावलं नाही. म्हणजे बायकोला. पण शिक्षा मलाच झाली. सांगायचा मुद्दा एवढाच की तुम्ही त्यांच्याशी 'माझ्या मालकीची जागा' म्हणून बोलायला गेलात आणि त्यांच्या ओळखीत एखादा वकील निघाला, तर तोंडावर पडाल. गाडी आली की आरसीची प्रत जोडून रीतसर अर्ज द्या. त्यांनाही द्यायला सांगा. कदाचित दोघांनाही मिळेल. तेरापैकी किती जागांवर खरंच गाड्या आहेत आणि किती ठिकाणी जुने सोफे, ते मोजलंय का?

राईनकाठी

मी जर्मनीत राहतो, तिथलं सांगतो. इमारतीत नियमांचा कागद लावलेला असतो. रात्री दहा ते सकाळी सहा आवाज नको, रविवारी भिंतीला ड्रिल नको. कुरियरवाला आपण घरी नसलो की पार्सल बेधडक शेजाऱ्याकडे देतो आणि पेटीत चिठ्ठी टाकतो, अमक्याकडे आहे. शेजारी न कुरकुरता घेतो, आपण जाऊन घेऊन येतो, धन्यवाद, संपलं. काय मागायचं आणि काय नाही हे ठरलेलं असल्यामुळे मागताना कोणाला अवघडल्यासारखं होत नाही. मला हे आवडतं.

फक्त एक. सहा वर्षांत माझ्या शेजाऱ्याच्या घरात आतून काय आहे ते मी पाहिलेलं नाही.

दोन_बादल्या

भिडस्त दादा, तुमच्या सल्ल्याप्रमाणे मी वागले आहे. पहिल्याच दिवशी, स्पष्ट, नाही. त्याचं काय झालं ते सांगते.

खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या. त्यांच्या बाथरूमच्या छताला ओल आली होती. म्हणाल्या, "तुमच्या बाथरूमची फरशी जरा उघडून बघावी लागेल." जरा! आमची टाइल नवी, चार महिन्यांपूर्वी बसवलेली, चांगला खर्च झालेला. मी म्हटलं, "काकू, आमच्याकडे काही गळत नाही, तुम्ही बाहेरची पाइपलाइन बघा." दार लावून घेतलं. मनात म्हटलं, बरं झालं, एकदाच काय ते सांगून टाकलं.

पुढची दोन वर्षं त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. कमिटीला पत्रं, कमिटीची मला पत्रं. त्यांच्याकडे छताखाली दोन बादल्या लावलेल्या असायच्या, कामवाल्या मावशी दोन्ही घरी त्याच, त्यामुळे बादल्या किती भरल्या याची बातमी मला रोज मिळायची. नवरा म्हणायचा, आता माघार घेतली तर आपली चूक कबूल केल्यासारखं होईल. शेवटी सोसायटीने प्लंबर आणला. त्याने सगळी फरशी उघडलीच नाही. नहाणी ट्रॅपच्या भोवतीच्या चार टाइल काढल्या, जोड गळत होता. टाइल बसवणाऱ्याने घाईत नीट भरला नव्हता. दीड दिवसाचं काम. घरातल्या संडास-मोरीची गळती असेल तर खर्च ज्याच्या घरातून गळतं त्याचा, हेही उपविधीत आहे असं सेक्रेटरींनी तेव्हा दाखवलं. तोपर्यंत काकूंच्या छताचं प्लॅस्टर पडलं होतं, तेही मीच भरलं.

काकू वाईट नव्हत्या. त्या 'फरशी उघडावी लागेल' म्हणाल्या आणि मला फक्त माझी टाइल दिसली. 'आत या, बघू कुठून येतंय,' एवढं म्हटलं असतं तर ना हो झालं असतं ना नाही.

हिशेबी_माणूस

ही गोष्ट पटली. पण दादा, गळती आणि पार्किंग एक नव्हे. गळतीत दोष तुमच्या घरात होता. इथे भिडस्त भाऊंच्या घरात काय दोष आहे?

खिडकीतली_तुळस

दोन_बादल्या 'दादा' नाहीत हो, नवरा आहे त्यांना! वाचता तरी का नीट?

आणि भिडस्त, एक विचारू? तुम्ही त्यांना जागा परत मागताना नेमकं काय म्हणालात? समोरासमोर की मेसेज? बायको होती का बरोबर? तुम्ही त्यांचं उत्तर लिहिलंत, तुमचं वाक्य लिहिलंच नाहीत.

भिडस्त_डोंबिवलीकर

मेसेज केला होता. सोसायटीच्या ग्रुपवर.

खिडकीतली_तुळस

ग्रुपवर!!

उपविधी_वाचणारा

अरे देवा. २२ घरांसमोर?

भिडस्त_डोंबिवलीकर

मुद्दाम नाही. मला वाटलं नोंद राहील. 'कृपया १ तारखेपर्यंत आमची जागा मोकळी करावी' एवढंच लिहिलं होतं. 'बरं, पण आम्ही कुठे लावायची' हे त्यांनी नंतर जिन्यात विचारलं. आता वाटतंय, ते खरंच विचारत असतील.

रविवारी वर जाऊन आलो. आधी चहा, मग गणपतीचा विषय, मग त्यांच्या वडिलांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. अर्धा तास पार्किंग कोणीच काढलं नाही. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "तुमच्या आईंनी मला सांगितलं होतं, आता गाडी कोण घेतंय आमच्यात, लावा तुम्ही कायमची. म्हणून आम्ही तो पाइपचा खिळा मारला."

घरी येऊन आईला विचारलं. म्हणाली, "म्हटलं असेन बाई. ती जिन्यात भेटली होती, पोरगं कडेवर होतं. कायमची म्हणजे काय, बोलायची पद्धत असते."

तेरा जागा मोजल्या. नऊ गाड्या, दोन सोफे, एक मोडलेलं कपाट, एक आमची. की त्यांची. की सोसायटीची, उपविधीवाल्यांनी ठरवावं. सोफ्यांच्या मालकांना आता कोण सांगणार त्यावर वर आणि खाली चर्चा चालू आहे. दोघांचं एकमत आहे की दुसऱ्याने सांगावं.

हिशेबी, तुमची तारखेची गोष्ट पुढच्या वेळी करीन. पण तिथे बसलो असताना तोंडातून निघालं नाही. पुन्हा पेढे होते.

हिशेबी_माणूस

झालं. म्हणजे अजून गाडी तिथेच!

भिडस्त_डोंबिवलीकर

दसऱ्याला अजून अकरा दिवस आहेत. शिवाय त्यांचा डबा आमच्याकडे आहे, गेल्या दिवाळीच्या चकल्यांचा. तो घेऊन जायचंय. आई म्हणते रिकामा कसा द्यायचा, थांब, काहीतरी करते.