मदत हवी आहे: पावसाळ्यात प्लाझ्मातून अॅल्युमिनाचे दाणे गोल होत नाहीत (वेर्णा)

वेर्णा_पावडर:
नमस्कार. डीसी प्लाझ्मा टॉर्चवर (विजेच्या आर्कने वायू तापवून ज्वाला काढणारे यंत्र) अॅल्युमिनाची, म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइडची, पूड वितळवून दाणे गोल करतो. 400 अँपिअर, 50 व्होल्ट. आर्गॉन मिनिटाला 25 लिटर, नायट्रोजन 5. पूड 45 ते 75 मायक्रॉन, फीड मिनिटाला 25 ग्रॅम, बाजूच्या इंजेक्टरमधून (पूड ज्वालेत सोडणारी नळी), पूड वाहून नेणारा कॅरिअर आर्गॉन 8 लिटर. टॉर्चचे पाणी थंड करणारा चिलर 15 अंशांवर. उन्हाळ्यात माल चांगला निघायचा. पाऊस लागल्यापासून पूड झटके देत येते, इंजेक्टरच्या तोंडाशी गोळा धरतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली निम्मे दाणे कोनेदारच दिसतात. करंट 450 केला तर धूर तेवढा वाढला. काय तपासू?

फोंडा_आर्क:
करंट आधी होता तिथे आणा. धूर म्हणजे ज्वालेच्या गाभ्यातून गेलेल्या दाण्यांची वाफ. कोनेदार दाणे कडेनेच निसटताहेत. उष्णता पुरेशी आहे, सगळ्यांपर्यंत पोचत नाही.

मूळ बहुतेक चिलरमध्ये आहे. आपल्याकडे जुलैत दवबिंदू 24-25 अंशांच्या घरात असतो. 15 अंशांचे पाणी फिरले की आर्क पेटण्याआधीच इंजेक्टरच्या होल्डरला आतून घाम सुटतो आणि पूड तिथे चिकटते. चिलर 28 वर ठेवा. पाण्याचा प्रवाह मात्र जराही कमी करू नका, अॅनोड (टॉर्चचे तोंड) जळून जाईल. पाणी सुरू होताच कॅरिअर आर्गॉनही सोडा, म्हणजे दमट हवा नळीत शिरणार नाही.

पूड ट्रेमध्ये सेंटिमीटरभर थर करून 120 अंशांना चार तास सुकवा, गरम असतानाच हॉपरमध्ये भरा आणि झाकणाखाली आर्गॉनची बारीक धार चालू ठेवा. उघडी पिशवी रात्रभर शेडमध्ये राहिली तर सुकवलेले फुकट.

म्हापसा_सिरॅमिक:
वरचे सगळे बरोबर, पण 25 ग्रॅम फीडही जास्तच वाटतो. अॅल्युमिना वितळेपर्यंत किलोला साधारण 3.7 मेगाज्यूल लागतात, म्हणजे या फीडला दीड किलोवॅट. 20 किलोवॅटमधली निम्मी उष्णता टॉर्चच्या पाण्यातच जाते असे धरा. उरलेल्या 10 मधून दीड काढला की ज्वाला थंडावते. 10 ग्रॅमवर या, मग हळूहळू चढवा.

कॅरिअर 4 लिटरपासून अर्ध्या अर्ध्या लिटरने वाढवत वेल्डिंगच्या काचेतून दाण्यांची चमकती रेघ बघा. ती टॉर्चच्या अक्षापासून साडेतीन-चार अंश कललेली हवी. इंजेक्टरच्याच बाजूला राहिली तर वायू कमी. ज्वाला ओलांडून पलीकडे गेली तर जास्त.

वेर्णा_पावडर:
चिलर आणि सुकवणी दोन्ही बदलले, झटके थांबले. 10 ग्रॅमवर दाणे गोल येताहेत, कॅरिअर साडेपाचवर स्थिर. पण घनतेच्या बाटलीत घनता 3.7 (ग्रॅम/घसेमी) येते, अॅल्युमिनाची नेहमीची 3.95 नाही. दाणे पोकळ निघाले का?

म्हापसा_सिरॅमिक:
लगेच पोकळ ठरवू नका. वितळलेला थेंब झटकन थिजला की नेहमीच्या अल्फाऐवजी गॅमा अॅल्युमिना बनतो (वेगळी स्फटिकरचना) आणि त्याची घनता मुळातच 3.6-3.7 असते. थोडी पूड 1300 अंशांना दोन तास भाजून पुन्हा मोजा. 3.9 च्या पुढे गेली तर फक्त फेज (स्फटिकरचना) बदलला होता. तशीच राहिली तर पोकळी खरी. मग कच्चा माल बघा: स्प्रे-ड्राय केलेले (पातळ लगदा फवारून सुकवलेले) सच्छिद्र दाणे असतील तर आतली हवा अडकते. वितळवून मग फोडलेला घट्ट माल घ्या. ग्राहकाला अल्फाच हवा असेल तर ताळगावला विद्यापीठात एक्सआरडीची (स्फटिकरचना ओळखणारी क्ष-किरण चाचणी) चौकशी करा, भाजण्याआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही नमुने द्या.

फोंडा_आर्क:
भाजताना मूस अॅल्युमिनाचीच वापरा. सिलिकाच्या मुशीत 1300 ला माल बाटतो.