रविवारची सौम्यता, सोमवारचा राग

प्रश्न: बायबलमधील गलतीकरांस पत्रात (5:22-23) ‘आत्म्याचे फळ’ म्हणून जे नऊ गुण सांगितले आहेत, त्यांतील सहनशीलता व सौम्यता हे गुण उपासनेत बसले असता सोपे वाटतात, परंतु सोमवारी मुलाचा डबा भरताना पोळी करपली की माझा आवाज चढतोच. काय करावे?

उत्तर 1: तेथे ‘फळ’ हा शब्द एकवचनी आहे, नऊ गुण सुटे सुटे कमवायचे नसून, वेलीत राहणाऱ्या फांदीला जसा घड येतो, तसे ते ख्रिस्तात राहिल्याने हळूहळू येतात. (आमच्या नाशकाकडे छाटणीवाचून घड धरत नाही, हेही खरेच.)

उत्तर 2: मला बायबलमधील याकोबाच्या पत्राचे वचन 1:19 (ऐकण्यास तत्पर, बोलण्यास सावकाश व रागास मंद असावे) उपयोगी पडले, मात्र नुसते पाठ करून नव्हे, ओरडल्यानंतर मुलीजवळ बसून ‘चुकलं माझं’ म्हणणे मला प्रार्थनेपेक्षा जड गेले.

प्रश्नकर्ती: आज तसे म्हटले. मुलगा म्हणाला, “पण आई, पोळी करपलीच होती.”