पोरं पद्मिनी गाडीसोबत सेल्फी काढतात, पण बॉनेट उघडत नाहीत. काय करावं?

जुनीगाडी_ठाणे: १६-१८ वर्षांच्या मुलांना प्रीमियर पद्मिनीच्या कामात गुंतवायचंय. सुरुवात कशापासून करावी?

पाना_पक्कड: पॉलिश करायला तर अजिबात लावू नका, दहा मिनिटांत कंटाळतात. कॉन्टॅक्ट पॉइंटचं काम द्या, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारा तो छोटा स्विच. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, स्पार्क प्लग काढा, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हळूच ढकला, म्हणजे इंजिन फिरतं. पॉइंटची टाच कॅमच्या (पॉइंट उघडणारा फिरता दांडा) उंचवट्यावर आली की थांबा. पॉइंटचा स्क्रू किंचित सैल करून गॅप, म्हणजे उघड्या पॉइंटमधली फट, ०.४५ मिमीच्या आसपास ठेवा. फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) अडकत नाही, पण हलकी ओढ लागते, ती मुलाच्या बोटांना कळू द्या. स्क्रू आवळल्यावर गॅप परत मोजायचाच, कारण आवळताना तो हमखास सरकतो.

कुर्ला१०८९: गेजला तेल असेल तर पुसून घ्या, नाहीतर पॉइंट जळतात. टाच झिजली की गॅप कमी होतो, स्पार्क उशिरा पडतो, गाडी चढावर दम टाकते. मुद्दाम गॅप कमी करून इंजिनचा आवाज ऐकवा, मग नीट करायला लावा. प्लगच्या वायरी मात्र आधी चिठ्ठ्या लावूनच काढा. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पडायचा क्रम, १-३-४-२.

जुनीगाडी_ठाणे: आणि व्हिंटेज, म्हणजे जुन्या ठेवणीतल्या गाडीची नोंदणी?

पाना_पक्कड: २०२१च्या नियमानुसार गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी हवी. नवीन नोंदणीला २०,००० रुपये, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. पण मग रोज कॉलेजला नेता येणार नाही, हे पोरांना आधीच सांगा.